आप्पांचा राजीनामा

“चूक कुणाची ते ऱ्हाऊ द्या. आधी पाणी प्या.”

उदगीरहून देगलूरकडं निघालात की गाव संपता संपता एक आंधळं वळण लागतं. तिथं दोन गाड्या आदळल्या की ड्रायव्हरांनी एकमेकांच्या आईबापांचा उद्धार सुरू करायच्या आत आप्पा आपल्या पेंडीच्या दुकानातून तांब्या घेऊन उतरायचे आणि हे वाक्य बोलायचे. बिदरकडचा ड्रायव्हर असला तर कानडीत, “नीरु कुडीरी.” तेलंगणातला असला तर तेलुगूत, “नीळ्ळु तागंडी.” दोन्ही भाषांत त्यांना याच्यापुढं फारसं काही येत नव्हतं. पण तोंडाला तांब्या लावलेल्या माणसाला शिवी देता येत नाही, एवढ्यावर त्यांचं काम भागायचं.

तुमच्याही गावात असा एक जण असेल. नाक्यावर बसलेला, सगळ्यांचं मिटवणारा. लोक त्याला देवमाणूस म्हणतात. मी आप्पांना तोंडावर काय काय म्हणत आले ते पुढं येईलच.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा सदरा, हाताला कायम सरकी पेंडीचा वास. पाणी पिऊन झालं की आप्पा दोघांना दुकानासमोरच्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसवायचे. समोरासमोर कधीच नाही. “समोर बसला की माणूस डोळं वटारतो,” म्हणायचे. मग दोन्ही गाड्यांना एकदा चक्कर मारायचे, दिवा, बंपर, मडगार्ड यांच्यावरून म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवायचे आणि निकाल द्यायचे: “तू एवढं सोस, तू एवढं सोस. करा राजीनामा.”

इथं बाहेरच्या वाचकांसाठी थांबते. तुमच्याकडं राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. आमच्याकडं निजामाच्या काळात कोर्टकचेरीची भाषा उर्दू होती, आणि तिच्यात राजीनामा म्हणजे दोघं राजी होणं, तडजोड. निजाम गेला, शब्द राहिला. नोकरी सोडतानाही आम्ही राजीनामाच देतो आणि भांडण मिटवतानाही राजीनामाच करतो. एका शब्दावर दोन कामं चालली होती आणि कोणाचं काही अडत नव्हतं. अडलं ते आप्पांचंच.

त्यांच्या राजीनाम्यांच्या गोष्टी नाक्यावर अजून सांगतात. एकदा देगलूरचा एक टेम्पोवाला आणि इथला एक पिठाच्या गिरणीवाला असे धडकले की दोन्ही गाड्यांची तोंडं एकमेकींत अडकली. त्या सोडवायला क्रेन यायला वेळ होता. आप्पांनी दोघांना घरात नेऊन जेवू घातलं. जेवताना एकाची मुलगी निघाली, एकाचा मुलगा निघाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोघं व्याही झाले. नवरा-नवरी पाया पडायला आली तेव्हा आप्पा म्हणाले, “आता भांडलात तर माझ्याकडं येऊ नका. ह्या धंद्यात मी फक्त गाड्या सोडवतो.”

दुसरी गोष्ट मात्र लोक सांगत नाहीत. ती मी सांगते. एका रिक्षावाल्याला एका मोठ्या गाडीनं उडवलं. पुढचं चाक सरळ आडवं झालं. आप्पांनी राजीनामा केला आणि रिक्षावाल्याच्या पदरात पडलं त्यात अर्धी दुरुस्तीसुद्धा होत नव्हती. रिक्षा पावसाळाभर झाडाखाली उभी. मी जाब विचारायला गेले.

“आप्पा, हे काय केलंत?”

“भांडण मिटलं ना पोरी?”

“मिटलं. रिक्षाबी मिटली.”

आप्पा गिऱ्हाइकाचं पोतं बांधत राहिले.

माझं काम तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर ही बाई कशाला नाक खुपसते असं वाटेल. आमचा चार-सहा जणांचा गट आहे. रस्ते, रेशन, वीजबिलं, जिथं लोकांना हक्क माहीत नसतो तिथं पत्रकं काढतो. त्या वळणावर गतिरोधक हवा म्हणून मी अर्ज केला. उत्तर आलं: सदर वळणावर अपघाताची नोंद नाही, सबब गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही.

नोंद असणार कशी? वळणावरचा प्रत्येक अपघात आप्पांनी पाणी पाजून पुसून टाकला होता. सरकारच्या लेखी ते वळण म्हणजे अंगण होतं.

मी पत्रक काढलं. मथळा होता: मिटवामिटवी कोणाच्या फायद्याची? आत सरळ लिहिलं की चूक कोणाची हे न विचारणारा न्याय नेहमी मोठ्या गाडीच्या बाजूनं झुकतो. पहिला गठ्ठा आप्पांच्याच दुकानात नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून सगळं पत्रक वाचलं, घडी घातली, आणि म्हणाले, “बरं लिवलंस. तिखट हाय.” पुढच्या आठवड्यात गेले तर गोळी पेंडीचा नमुना त्याच पत्रकांच्या पुड्यांत बांधून देत होते. “कागद दणकट हाय तुझा,” म्हणाले. त्या दिवसापासून मला पत्रकवाली हे नाव पडलं.

आता मुद्द्यावर येते.

आप्पांचा मुलगा हैदराबादला नोकरीला. सून इथंच, देगलूरच्या बाजूला एका खेड्यात शाळेवर शिक्षिका. एसटी फाट्यावर सोडते, पुढं शाळेपर्यंत पायी जायचं, नाहीतर कोणाच्या मोटारसायकलला हात करायचा. या सुनेनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, काही वर्षं हे केलं आणि मग स्वतःच्या पगारातून एक जुनी पांढरी कार घेतली. आधी चालवायला शिकल्या, मग घेतली. गाडी त्यांच्या नावावर. घरात त्यांच्या एकटीच्या नावावर असलेली ती पहिली वस्तू.

एका रविवारी आप्पांना स्टेशनवरून पार्सल आणायचं होतं. “गाडी नेऊ का गं?” “न्या की आप्पा, विचारता काय.” परत येताना दुकानाकडं उजवीकडं वळायचं म्हणून आप्पा त्या वळणावर उभे होते. इंडिकेटर चालू, समोरून ट्रक येत होता, तो जाऊ द्यायचा होता. मागून एक काळी मोठी गाडी आली आणि डिकीत घुसली. मागची काच गेली, डिकी घडी घातल्यासारखी झाली, मागचं एक चाक तिरपं झालं. आप्पांच्या मानेला हिसका बसला, बाकी काही नाही.

पाणी घेऊन कोणी धावलं नाही. धावणारा गाडीत बसला होता.

काळ्या गाडीतून नांदेडचा एक तरुण उतरला. ठेकेदाराचा मुलगा, हातात दोन फोन. गर्दी जमली. नाक्यावरचे सगळे ओळखीचेच, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. “आप्पा, कशाला वाढवता? करून टाका राजीनामा. तुमचंच काम हाय.” त्या तरुणानं खिशात हात घातला. आप्पांनी त्याचा हात तिथंच धरला, पैसे काढू दिले नाहीत. आणि म्हणाले, “माझा राजीनामा.”

गर्दीनं हुश्श केलं. मिटलं. तरुणानं आप्पांच्या गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार केला, गाडीत बसला आणि गेला.

घरी वहिनींनी गाडी पाहिली. भोवती फिरल्या. मग विचारलं, “नंबर घेतला का?”

आप्पांनी नाही म्हणून मान हलवली.

“आप्पा, तुम्ही सगळ्यांचं मिटवता. माझ्या गाडीचं मला विचारल्याबिगर कसं मिटवलं?”

हे मला वहिनींनीच नंतर सांगितलं. आप्पा रात्री जेवले नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आमच्या गटाच्या खोलीवर हजर. पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसले.

“पत्रकवाली, काम हाय.”

“ऐकलं मी. राजीनामा केलात म्हणे.”

“केला न्हाई. दिला.”

“काय फरक पडला?”

“मी मिटवलं न्हाई, पोरी. मी सोडलं. हे लोकांचं मिटवायचं काम सोडलं, म्हणून म्हणलो माझा राजीनामा. लोकांनी दुसरंच घेतलं.”

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून आवरलं. म्हणाले, “दुरुस्तीचे पैसे मी देतो म्हणलो सुनंला. घेईना. म्हणती, ज्यानं ठोकलं त्यानं द्यायचे. तुझी पत्रकं वाचती ती.”

बरोबरच होतं वहिनींचं. तुम्हीही लक्षात ठेवा. जुन्या गाडीचा विमा लोक फक्त समोरच्याचं नुकसान भरण्यापुरता काढतात. तसाच वहिनींचाही होता, म्हणजे त्यांच्या कंपनीकडून काही मिळणार नव्हतं. पण ज्यानं ठोकलं त्याच्याही गाडीला तसाच विमा असतो, आणि तो आपल्याच नुकसानीसाठी असतो. मोटार अपघाताचं न्यायाधिकरण फक्त मेलेल्यांसाठी आणि हातपाय मोडलेल्यांसाठी आहे असा आपल्याकडं समज आहे. मोडलेल्या गाडीचाही दावा तिथं चालतो. हे कोणी सांगत नाही, कारण सांगणारा मध्येच पाणी पाजायला जातो.

दावा करायचा तर नंबर हवा. नाक्यावर विचारलं तर सगळ्यांना पाठ. “दादा.” आकडे असे वळवून लिहिले होते की नंबराऐवजी दादा वाचावं. ठाण्यात जमादारांसमोर आप्पांनीही तेच सांगितलं. जमादार म्हणाले, “आप्पा, दादा कसं लिहू? आकडा सांगा.” मग समोरच्या पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यात बघून त्या दादाचे आकडे आम्ही सोडवले. अशी पाटी लावणं हाच मुळात गुन्हा आहे, हे मी जमादारांना सांगितलं. ते म्हणाले, “बाई, एका वेळेला एकच.”

नोंद झाली, पंचनामा झाला, गाडी तपासली गेली. गॅरेजवाल्यानं बिलाचे पैसे हातात आल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणून सांगितलं. वहिनी पुन्हा एसटीनं जाऊ लागल्या. फाट्यावर उतरून पायी. शेवटी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून गाडी सोडवली. आप्पा रोज सकाळी त्यांना जाताना बघत दुकानात बसायचे, आणि गाडी परत आल्यावरही तिच्या अंगाला हात लावायचे नाहीत. एकदा दारात आडवी लागली होती, गिऱ्हाईक म्हणालं, “आप्पा, जरा मागं घ्या.” म्हणाले, “मालकीण शाळंत हाय.”

आणि राजीनामा खरंच पाळला. वळणावर ठोकाठोकी झाली की ते तराजूकडं तोंड करून उभे राहायचे. लोक हाका मारायचे. “आप्पा, या की.” ते आतूनच सांगायचे, “फोटू काढा. पोलिसांना फोन करा.” फोन कोणी करायचं नाही, आपसांत काहीतरी मिटवून निघून जायचे. नाक्यावर काहींना राग आला. सुनेनं म्हातारा बिघडवला असंही बोलले. काहींनी बिघडवणारी मी आहे असं ठरवलं. असू दे.

वहिनींनी न्यायाधिकरणात दावा लावला. काळ्या गाडीवाल्यांचं लेखी उत्तर आलं त्यात तेच, ज्याची मला भीती होती. अपघात झाल्याचं कबूल, पण दावेदाराचं वाहन चालवणाऱ्यानं जागेवरच सर्वांसमक्ष ‘राजीनामा’ देऊन वाद मिटवला असल्यानं आता काही मागता येणार नाही. साक्षीला नाक्यावरचा चहावाला. तोही खोटं बोलणार नव्हता. त्यानं ऐकलं होतं तेच तो सांगणार होता.

लातूरला तारीख लागली. आम्ही तिघं एसटीनं गेलो. वहिनींनी गाडी काढली नाही. आप्पा त्यात बसणार नाहीत हे त्यांना माहीत होतं.

पुढं जे झालं त्याला मी अजून हसते. न्यायाधीश साहेब सातारा भागातले, नवीन बदलून आलेले. समोरचे वकील नांदेडचे. चहावाल्यानं शपथेवर सांगितलं, “आप्पा म्हणले, माझा राजीनामा.” वकील विजयी मुद्रेनं साहेबांकडं बघू लागले. साहेब चहावाल्याकडं बघू लागले.

“ते नोकरीत होते का?”

“न्हाई साहेब. पेंडीचं दुकान हाय.”

“मग राजीनामा कशाचा?”

“मिटल्याचा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “वकीलसाहेब, राजीनामा म्हणजे पद सोडणं. यात तडजोड कुठून आली?” आणि नांदेडचे वकील, ज्यांनी जन्मभर राजीनामे केले असतील, ते आता राजीनामा म्हणजे काय हे भर कोर्टात समजावून सांगू लागले. निजामापर्यंत गेले. साहेब म्हणाले, “असेल. पण तुमचा साक्षीदार एक अर्थ सांगतोय आणि शब्द दुसराही अर्थ सांगतोय. बोलणाऱ्यालाच विचारा.”

आप्पा उभे राहिले. धुतलेला सदरा, विभूती ताजी.

“अपघाताच्या जागी तुम्ही ‘माझा राजीनामा’ म्हणालात, बरोबर?” वकिलांनी विचारलं.

“हाव.”

“कशाचा राजीनामा?”

“ह्या कामाचा. लोकांचं मिटवायच्या.”

“अच्छा. या कामावर तुम्हाला नेमलं कोणी होतं?”

मागं दोघं-तिघं हसले. आप्पांनी कठड्यावरचा हात काढला, पुन्हा ठेवला.

“नेमलं असतं तर कवाच सोडलं असतं, साहेब. कुणी नेमलंच न्हाई, मग सोडावं कुणाकडं? त्या दिवशी सगळी माणसं समोर होती, म्हणून त्यांच्याकडं सोडलं.”

“म्हणजे या अपघाताचा वाद तुम्ही मिटवला नाही?”

“गाडी माझी न्हाई. माझी असती तर मिटवलं असतं. सवयीचा माणूस हाय मी.” मग म्हणाले, “आमच्या मिटवण्यात चूक कुणाची ते कधी विचारतच न्हवतो. आज विचारतोय. मी उभा होतो, दिवा लावून. मागून कुणी ठोकलं?”

वकील खाली बसले.

परतीच्या एसटीत वहिनींनी आप्पांना खिडकीजवळ बसवलं. मी पाठीमागच्या बाकावर. तिकिटं काढून झाली. मग वहिनी म्हणाल्या, “आप्पा, मला वाटलं होतं तुम्ही खरंच मिटवलं असणार.”

“मलाबी वाटलं होतं. बोलल्यावर घडीभर मलाबी कळंना, मी कोणता राजीनामा म्हणलो ते.” बाहेर बघत ते म्हणाले, “मग तू इचारलंस ना, मला का इचारलं न्हाई म्हणून. तवा कळलं कोणता म्हणायला पायजे होता.”

वहिनींनी पिशवीतला डबा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

हे कोर्टात का नाही सांगितलं, असं मी त्यांना विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. कोर्टानं त्या दिवशी एक अर्थ मागितला होता, तो त्यांनी दिला. तो खोटा नव्हता. माणूस आपल्या बोलण्याचा अर्थ मागाहून ठरवतो आणि मग त्याला धरून वागतो, तेव्हा त्याला खोटं म्हणत नाहीत. आप्पा त्याला धरून वागले. मी डोळ्यांनी पाहिलंय.

निकाल लागायच्या आधी आप्पा गेले. दुपारी दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. मयतीला बिदर, देगलूर, निलंगा, कुठून कुठून माणसं आली होती. त्यातले कित्येक एकमेकांना ओळखत होते आणि कसे ओळखतात हे सांगत नव्हते. नांदेडचा तो तरुणही आला होता. लांब उभा राहिला. मला बघून जवळ आला आणि म्हणाला, “ताई, माझीच चूक होती. फोनवर होतो.” मी म्हणाले, “हे तिकडं वहिनींना सांगा.” तो गेला आणि सांगून आला. वहिनी काय म्हणाल्या मला माहीत नाही. ऐकू येईल इतक्या जवळ मी नव्हते.

निकाल वहिनींच्या बाजूनं लागला. दुरुस्तीचं बिल, आणि वर व्याज. मी लगेच गतिरोधकाचा अर्ज पुन्हा घातला. या वेळचं उत्तर जपून ठेवलं आहे: सदर वळणावर एका अपघाताची नोंद असून, केवळ एका अपघातावरून गतिरोधक मंजूर करता येत नाही. एवढ्या वर्षांत त्या वळणावर सरकारला माहीत असलेला एकच अपघात, तो आप्पांचा. मी नवं पत्रक छापायला टाकलं आहे.

विम्याची रक्कम जमा झाली त्या दिवशी वहिनी पतसंस्थेत जाऊन कर्ज फेडून आल्या आणि वाटेत त्यांनी मला गाडीत घेतलं. “चहा पिऊन जा,” म्हणाल्या. वळणावर आलो. घराकडं उजवीकडं वळायचं होतं. त्यांनी इंडिकेटर लावला आणि गाडी थांबवली. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या लावून, डुलत डुलत.

ट्रॅक्टर गेला. रस्ता मोकळा झाला. वहिनी वळल्या नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, आणि नजर वरच्या आरशात. आरशात फक्त मागचा रिकामा रस्ता होता.

“गेला की ट्रॅक्टर,” मी म्हणाले.

“हाव,” त्या म्हणाल्या, आणि आणखी जरा वेळ आरशातच बघत राहिल्या.